चष्म्याच्या दुकानातलं झाड

१ जुलै

धाकटे,

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. मागच्या खेपेला मी "सासूबाई पडल्या" म्हणालो, तर तू पाऊस पडला असं समजून "बरं झालं, कधीची वाट बघत होते" असं म्हणालीस. तुझी वहिनी शेजारीच उभी होती. तेव्हा यापुढे पत्रच.

तर, सासूबाई न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. वहिनी तिकडे गेली आहे, दोन-तीन महिने तरी येत नाही. घरात मी आणि भिंगरी.

भिंगरी आता भिंगरी राहिलेली नाही. सोळावं लागलं आणि पोर एकदम शांत झाली. पूर्वी जिना तीन उड्यांत उतरायची, आता एकेक पायरीचा विचार करत उतरते. संध्याकाळी डोळे लाल असतात. मी तिला यंत्रासमोर बसवून नीट तपासलं. नंबर नाही, डोळे कोरडे पडतात एवढंच. दिवसातून तीनदा थेंब चालू केलेत. तपासताना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावली, तर दहा मिनिटं हसत होती. त्या ओळीत हसण्यासारखं काय आहे ते मी नंतर स्वतः वाचून पाहिलं, मला सापडलं नाही. भूक मात्र उत्तम. काल एका बैठकीत अख्खा पाव आणि जामची बाटली संपवली. टापटीपही आली आहे, खोलीत सारखा सुगंधी फवारा मारत असते.

आणि तुला आवडेल अशी बातमी. पोरीला बागकामाचा नाद लागलाय. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे तिने गुपचूप एक कुंडी लावली होती. रोप सुकत आलं होतं, मी ते खाली आणून दुकानाच्या शोकेसमध्ये फ्रेमांच्या मधोमध ठेवलं. सकाळचं ऊन मिळतं. भिंगरीने पाहिलं तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटेना, इतका आनंद झाला.

फक्त पानं कडेने पिवळी पडताहेत. सोबत एक पान पाठवतो. पंजासारखं, सात बोटांचं, कडेला करवतीचे दाते. तुझ्या रोपवाटिकेत असं काही आहे का? खत कोणतं घालू?

दादा

*

५ जुलै

दादा,

पान मिळालं. झाडाला वाईट संसर्ग झालाय. पत्र वाचून होताच ते शोकेसमधून काढ. गिऱ्हाइकांना दाखवू नकोस, फांदी कोणाला देऊ नकोस, आणि यापुढे त्याचं पान टपालात घालू नकोस, हे विशेष. उपटून टाकलंस तर सर्वांत उत्तम.

झाड भिंगरीचं असल्यामुळे उपाय तिलाच वेगळ्या पत्रात कळवते. ते पत्र तू फोडू नकोस.

धाकटी

*

५ जुलै

भिंगरे,

तुझ्या बाबांनी मला गांजाचं पान पाठवलं आहे. वर खत कोणतं घालू म्हणून विचारलंय.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इतकी हसले की कलमं बांधणाऱ्या बायका धावत आल्या. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू गेलं. लाल डोळे, हसू, भूक, फवारा. बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीच्या डोळ्यांतलं दिसलं नाही, कारण तुझ्याबद्दल असं काही त्याच्या मनातच येणार नाही. त्याचा फायदा घेऊ नकोस.

मी भाषण देत नाही, माझ्या धंद्यातलं सांगते. मोठ्या झाडाला ओरखडा गेला तर ते तो जिरवतं. रोपाच्या शेंड्याला तोच ओरखडा गेला तर पुढचं सगळं झाड तिथून वाकडं निघतं. तू अजून शेंडा आहेस.

बाबांना तू स्वतः सांग. हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवस देते. नाहीतर मी सांगेन.

आत्या

*

९ जुलै

आत्या,

पहिली गोष्ट, ते झाड माझं नाही, शिट्टीचं आहे. शिट्टी म्हणजे माझ्या वर्गातली मैत्रीण, पुढच्या दातांच्या फटीतून शिट्टी वाजवते ती. तिच्याकडे गच्ची नाही म्हणून आमच्या टाकीमागे ठेवलं.

दुसरी गोष्ट, मी रोज ओढत नाही. फक्त शाळा असेल त्या दिवशी, शाळा सुटल्यावर. आणि रविवारी.

तिसरी गोष्ट, गांजा नैसर्गिक आहे. झाड आहे. तू स्वतः झाडं विकतेस.

चौथी गोष्ट, माझ्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. तुला माहीत आहे, दुकानातल्या दोनशे गिऱ्हाइकांचे नंबर मला तोंडपाठ आहेत. बाबा नुसतं नाव घेतात, मी उजवा-डावा सांगते. गेल्या आठवड्यात फक्त तीन चुकले. किंवा चार.

पाचवी गोष्ट, ते झाड माझं नाही, शिट्टीचं आहे.

खरं सांगू का. आई आजीकडे गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय की फ्रिज सुरू झाला की दचकायला होतं. बाबा जेवताना पेपर वाचतात. ओढलं की ते सगळं जरा लांब जातं. एवढंच आहे. आपोआप सुटेल.

बाबांना सांगू नकोस. ते रोज सकाळी त्या झाडाशी बोलतात.

भिंगरी

*

१० जुलै

धाकटे,

तुझ्या सांगण्याप्रमाणे झाड शोकेसमधून हलवलं. उपटलं मात्र नाही. आजारी पडलं म्हणून कोणी कोणाला उपटतं का? डोळे तपासायच्या आतल्या खोलीत त्याला एकटं ठेवलंय. तिथे अंधार असतो म्हणून टेबलावरचा दिवा त्याच्याकडे वळवून दिला. माझं मी शेणखतही घातलं. आठ दिवसांत वीतभर वाढलं आहे, तेव्हा संसर्ग आटोक्यात आला असं समज.

काल आपल्या भागातले फौजदार आले होते. यंत्रावर हनुवटी टेकवून बसले, कुंडी अगदी कोपराशी. बराच वेळ नाकाने मोठमोठे श्वास घेत होते, सर्दी असावी. "हे कोणी लावलं?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या मुलीने. तिला हाक मारून पुढेही उभी केली. ती फार लाजली.

त्यांचा उजवा डोळा उणे तीन, डावा उणे एक. मी नंबर सांगितले आणि भिंगरीने नेहमीप्रमाणे ऑर्डर लिहून घेतली. चष्मा चौदाला देतोय.

तू सांगितलेला उपाय भिंगरी करते आहे का? विचारलं की विषय बदलते.

दादा

*

१२ जुलै

भिंगरे,

उघड्या कार्डावर लिहिते, कारण यात लपवण्यासारखं काही नाही. कण्हेरही नैसर्गिक असते. ती कोणी कोशिंबिरीत घालत नाही.

चार दिवस गेले, चार राहिले.

आत्या

*

१७ जुलै

आत्या,

तुझे आठ दिवस पुरे व्हायच्या आधीच सगळं झालं. क्रमाने सांगते.

चौदाला फौजदारांनी चष्मा घातला आणि म्हणाले, फरशी वर आल्यासारखी वाटते. बाबा म्हणाले, नवा चष्मा आहे, दोन दिवसांत सवय होईल. ते सगळ्यांना असंच सांगतात आणि सगळ्यांना सवय होतेच. फौजदार बाहेर पडले. आपल्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. त्यांना दोनच दिसल्या.

मनगट मोडलं. ते फुटपाथवर बसले होते, मिशीला धूळ लागली होती, आणि चष्मा मात्र शाबूत होता. बाबांनी तो उचलून यंत्रावर तपासला. उजव्याचा नंबर डाव्याला होता आणि डाव्याचा उजव्याला. बाबा म्हणाले, "चूक माझी. देण्याआधी मी तपासायला हवं होतं. तू लिहिलंस म्हणून तपासलं नाही."

आत्या, ऑर्डर लिहिताना मी ओढून आले होते.

हे मी घरी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शिट्टीला सांगितलं. तिने मला बरं वाटावं म्हणून एक टॉफी दिली. तिने ती शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाकडून घेतली होती. यात धूर नाही, वास नाही, काही त्रास नाही, असं तो म्हणाला होता. खाल्ली. तासभर काहीच झालं नाही, म्हणून घरी येऊन तिनेच दिलेली दुसरी खाल्ली.

मग दोन्ही एकदम चढल्या. छातीत कोणीतरी दार ठोठावत होतं. हात माझे वाटेनात. मी मरते आहे याची मला इतकी खात्री पटली की आईसाठी चिठ्ठी लिहायला घेतली, पण "आई" लिहून झाल्यावर पुढे काय लिहायचं होतं तेच आठवेना. बाबा दुपारचा चहा घ्यायला वर आले तर मी टेबलाखाली होते.

त्यांनी मला उचललं. सोळा वर्षांची मुलगी, त्यांची पाठ दुखते, तरी उचललं आणि चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे पळत नेलं. दुकान उघडंच टाकून.

बाईंनी ठोके मोजले. मिनिटाला एकशे अडतीस. बाबा त्यांना सांगत होते की हिचे डोळे कोरडे पडतात, मी थेंब देतोय. बाईंनी माझे डोळे पाहिले, मग बाबांकडे पाहिलं, मग मला विचारलं, "काय घेतलंस?"

मी म्हटलं, "गांजा."

बाबा म्हणाले, "गांजा? तो कुठून आला?"

मी म्हटलं, "टॉफीतला शिट्टीने आणला. पण आपल्या तपासणीच्या खोलीतही आहे, बाबा. तुम्ही त्याला रोज पाणी घालता."

बाबा स्टुलावर बसले. स्टूल तिथे होतं म्हणून बरं.

मग मी ऑर्डरचंही सांगितलं. सांगताना मला काही वाटत नव्हतं, नंतर वाटलं. बाईंनी मला तीन तास पडून राहायला लावलं. त्या म्हणाल्या, पोटातून गेलेला गांजा उशिरा चढतो, म्हणून लोक फसून दुसरी टॉफी खातात, आणि एका टॉफीत किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणखी म्हणाल्या, मेंदूची बांधणी पंचविशीपर्यंत चालू असते, ती चालू असताना रोज यात हात घातला की लक्ष आणि आठवण आधी जाते, आणि जितक्या लहानपणी सुरुवात तितकं सुटणं अवघड. तू शेंड्याचं लिहिलं होतंस ते मला तेव्हा आठवलं. सगळं विसरले होते, ते आठवलं.

बाबांनी अजून मला रागावलेलं नाही. त्याचीच भीती वाटते.

भिंगरी

*

२० जुलै

धाकटे,

तुझं पाच तारखेचं पत्र मी पुन्हा वाचलं. "वाईट संसर्ग." तुला पान बघताच कळलं होतं. तू मला सांगितलं नाहीस. मी मूर्ख ठरेन अशी काळजी वाटली असेल, तर मी ठरलोच, आणि वर दहा दिवस जास्त ठरलो. त्या दहा दिवसांत एका माणसाचं मनगट मोडलं आणि माझी मुलगी टेबलाखाली सापडली.

झाड उपटलं. चौदा नवी पानं आली होती. आजवर मी लावलेलं एकही झाड जगलं नव्हतं, हे एक जगलं. जाळून टाकणार होतो, पण डॉक्टरीणबाईंनी फोनवर असा आवाज चढवला की काडेपेटी हातातून पडली. शेवटी पाण्यात कुजवून निकाल लावला.

तुझ्यावर रागावलो आहे. माझ्यावर जास्त. लाल डोळे समोर बसले होते आणि मी थेंब घालत होतो.

दादा

*

२४ जुलै

दादा,

तुझं बरोबर आहे. आठ दिवसांची मुदत देणारी मी कोण? मला वाटलं, पोरीने आपणहून सांगितलं तर तिचं मन मोकळं होईल. आणि खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. ती मला गुपित सांगते याचं मला बरं वाटलं. पोरंबाळं नसलेल्या आत्याला असल्या गोष्टींचं फार अप्रूप असतं. तुझ्या मुलीच्या जिवावर मी ती हौस भागवून घेतली. चुकले.

आता दोन गोष्टी ऐक. पहिली, तिला रागाव. एकदा नीट, मोठ्याने, दार लावून. बाप कधी रागावतो याची ती वाट बघत बसली आहे. दुसरी, वहिनीला आजच फोन कर. तिला ही गोष्ट बाहेरून कळली तर सासूबाईंच्या शेजारी तुझीही खाट पडेल.

आणि जेवताना पेपर वाचू नकोस. कारण विचारू नकोस.

धाकटी

*

३ ऑगस्ट

धाकटे,

रागावलो. दार लावलं होतं, तरी खालच्या मजल्यावरच्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मग आम्ही दोघंही रडलो आणि बिस्किटं खाल्ली. वहिनीला फोन केला. ती इतका वेळ काही बोललीच नाही की मला वाटलं तुझ्यासारखं तिलाही ऐकू येईनासं झालं. मग म्हणाली, मी उद्या येते. आली. चार दिवस भिंगरीच्या खोलीत झोपली. दोघी काय बोलल्या ते मला सांगत नाहीत, पण हसण्याचा आवाज एकदा आला, आणि भांडणाचा तीनदा.

आता फौजदारांचं. नवा चष्मा मी तीनदा यंत्रावर तपासला आणि भिंगरीला घेऊन त्यांच्या घरी गेलो. मी वाटेत माझं माफीचं वाक्य पाठ करत होतो, पण दार उघडताच तीच बोलली. "साहेब, तुमचा नंबर मी उलटा लिहिला. मी तेव्हा शुद्धीत नव्हते. बाबांची चूक नाही."

त्यांनी प्लास्टर घातलेला हात वर करून आम्हाला बसायला सांगितलं. चष्मा घातला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग बराच वेळ भिंगरीकडे पाहिलं.

"नंबर बरोबर आहे," म्हणाले. "आणि ते झाड?"

मी म्हटलं, कोणतं झाड?

"माझे डोळे अधू आहेत, नाक नाही," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं नोकरी झाली. चष्मा घेऊन बाहेर पडायचं, गाडीत बसलेल्या दोन शिपायांना आत पाठवायचं, असं ठरलं होतं. पायऱ्या मध्ये आल्या."

धाकटे, मी सगळं सांगितलं, शेणखतासकट. शेणखताचं ऐकून ते इतके हसले की मोडका हात धरून बसावं लागलं. त्यांच्या बायकोने आत येऊन औषधाची वेळ झाली का विचारलं.

मग म्हणाले, "मी रजेवर आहे. सोमवारी कामावर रुजू होतो आणि सोमवारी दुकानात येतो. मला तिथे काय दिसेल?"

मी म्हटलं, फ्रेमा.

"तेवढंच दिसू दे." मग भिंगरीकडे वळून विचारलं, टॉफी कोणी दिली. ती म्हणाली, "मैत्रिणीने दिली, पण विकणारा दुसराच आहे. मी आधी तिच्याशी बोलते, मग आम्ही दोघी येऊ." फौजदारांनी मान हलवली. काल त्या दोघी शिट्टीच्या आईबरोबर जाऊन सांगून आल्या. झेरॉक्सच्या दुकानाला आज कुलूप आहे. शिट्टी मात्र भिंगरीशी बोलत नाही. शाळेत दुसऱ्या बाकावर बसते.

दादा

*

२१ सप्टेंबर

आत्या,

खूप दिवसांनी लिहिते आहे.

पहिला आठवडा वाईट गेला. झोप नाही, भूक नाही, आणि सगळ्यांचा राग यायचा. चमचा पडला तर चमच्याचाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की असं होतं आणि निवळतं. मी दर बुधवारी त्यांच्याकडे जाते. त्या फार विचारत नाहीत, पण मी गप्प बसले तर त्याही गप्प बसतात, आणि मग मलाच बोलावं लागतं.

गिऱ्हाइकांचे नंबर हळूहळू परत येताहेत. सगळे नाही. बाबा आता माझ्या आठवणीवर काही सोडत नाहीत. प्रत्येक चष्मा यंत्रावर ठेवतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. गिऱ्हाइकाला वाटतं हे नवीन तंत्र आहे.

आता मुद्द्याचं. शिट्टी गेल्या आठवड्यात पुन्हा बोलायला लागली. मला इतकं बरं वाटलं. परवा शाळा सुटल्यावर आम्ही मैदानामागे बसलो, तिने पेटवलं, आणि माझ्याकडे दिलं. आणि मी घेतलं. सहासष्ट दिवसांनंतर. नाही म्हणायचं मला येत होतं, डॉक्टरीणबाईंकडे मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. पण तिने माझ्याशी पुन्हा बोलणं बंद केलं असतं, असं वाटलं.

दोन झुरके. मजा आली नाही. आली असती तरी तुला सांगितलं असतं.

घरी आले तेव्हा बाबा दुकानात एकटेच होते. आई पुन्हा आजीकडे गेली आहे. माझे डोळे लाल होते. त्यांनी पाहिलं, मला कळलं की त्यांनी पाहिलं, पण ते हातातली फ्रेम पुसत राहिले. तीच काच, पुन्हा पुन्हा. तेव्हा मीच म्हटलं, "बाबा, आज मी ओढलं."

त्यांनी फ्रेम ठेवली. का ओढलंस, कुठे, कोणाबरोबर, यातलं काही विचारलं नाही. दाराची पाटी उलटी करून दुकान बंद केलं. अजून साडेपाचच झाले होते. मग म्हणाले, "आता काय करायचं?"

मला वाटलं होतं हे त्यांना माहीत असेल. त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आज माझ्याजवळ बसा."

ते बसले. त्यांना हातात काम नसताना बसता येत नाही, म्हणून त्यांनी फ्रेमांच्या स्क्रूंचा डबा काढला. सगळ्या मापांचे एकत्र झालेले, वर्षानुवर्षांचे. आम्ही ते काउंटरवर ओतले आणि वेगळे करायला लागलो. भिंगातून बघून, चिमट्याने. मध्येच ते म्हणाले की लहानपणी तू त्यांना एकदा आंब्याच्या झाडावर चढवून खालून शिडी काढून नेली होतीस. हे खरं आहे का? मग मी त्यांना शिट्टीचं सांगितलं. ते म्हणाले, तिला एक दिवस घरी जेवायला बोलाव, बघू. त्यांना ती आवडत नाही, तरी म्हणाले.

तासाभराने डोकं हलकं झालं. राग नव्हता, भीती नव्हती, नुसती झोप आली होती. मी उठले आणि म्हटलं, "आता मी बरी आहे बाबा, तुम्ही वर जा."

बाबांनी मान वर केली नाही. चिमट्यातला एक बारीक स्क्रू त्यांनी मोठ्यांच्या ढिगात टाकला.

"तू बरी आहेस गं," ते म्हणाले. "मी कुठे बरा आहे? बस जरा."

मग मी बसले.

भिंगरी